लिहायचे राहून गेलेले घर

दिवाळी अंक हाती पडला की आपण आधी मुखपृष्ठ पाहतो, मग व्यंगचित्रे, मग अनुक्रमणिका. आणि घरातील वडीलधाऱ्यांची नजर चुकवून राशिभविष्य. जाहिराती कोणी वाचीत नाही, त्या नुसत्या नजरेखालून जातात. यंदा मात्र वाचकांनी त्या जरा सावकाश पाहाव्यात अशी माझी विनंती आहे. डाव्या पानावर एखादी कथा असते. तिच्यात एक चाळ असते, लांबलचक गॅलरी असते, कठड्यावर वाळत घातलेली धुणी असतात आणि शेवटी डोळ्यांत पाणी आणणारी एक म्हातारी असते. उजव्या पानावर एक हसरे जोडपे उभे असते. त्यांच्या मागे पंधरा मजली इमारत, खाली कुठल्याशा उपनगराचे नाव, 'स्टेशनपासून अवघ्या दहा मिनिटांवर' हे वाक्य आणि मुहूर्तावर नोंदणी केल्यास स्वयंपाकघराचा ओटा सजवून देण्याचे आश्वासन. कथा आणि जाहिरात एकमेकींकडे पाठ करून उभ्या असतात. गंमत अशी की, अंक वाचणाऱ्या कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी घडामोड कथेत नसते, जाहिरातीत असते.

ही मला आपल्या साहित्यातील एक मोठी उणीव वाटते. चाळीवर आपण भरपूर लिहिले. झोपडपट्टीवरही लिहिले, जयवंत दळवींची 'चक्र' किंवा मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी' आठवावी. पडत्या वाड्यावर तर उत्तम लिहिले. पण गेल्या साठ-सत्तर वर्षांत लक्षावधी मराठी कुटुंबांनी जे केले, म्हणजे गिरगाव, दादर, परळ, लालबाग सोडून परवडेल तिथे दोन खोल्या विकत घेतल्या, त्या कृत्याला आपल्या कथा-कादंबरीने एखाद्या ओळीत उरकले. 'पुढे ते डोंबिवलीला राहायला गेले.' बस्स. एवढ्या एका वाक्यात आयुष्याची वीस वर्षे गेलेली असतात.

मी काही पंडित समीक्षक नव्हे. विद्यापीठाची पायरी मी चढलेलो नाही. लोअर परळच्या एका शाळेत मुलांना मराठी शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तेव्हा ही तक्रार माझ्याच धंद्यातील माणसांविषयी आहे. ती सुचली ती पुस्तकांवरून नव्हे, शाळेच्या दाखल्यांवरून. दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. त्यात वर्षानुवर्षे एकच कारण लिहिले जाते: 'निवासस्थान बदलले.' विचारले तर मूल नवे गाव सांगते. नालासोपारा, विरार, दिवा, बदलापूर, टिटवाळा. कधी डोळ्यांत चमक असते, कारण नव्या घरात त्याला खिडकीजवळची जागा मिळणार असते. कधी चेहरा पडलेला असतो, कारण आजी मागे राहणार असते. त्या दोन शब्दांच्या आत एक आख्खी कादंबरी दडलेली असते, आणि ती लिहिली जात नाही.

आता जे लिहिले गेले त्याकडे न्यायाने पाहू. मामा वरेरकरांनी १९३३ साली 'धावता धोटा' लिहून गिरणी कामगाराला मराठी कादंबरीत आणले. तिथपासून १९५८ च्या 'बटाट्याची चाळ'पर्यंत येताना मुंबईचे बिऱ्हाड हा मराठी साहित्याचा हक्काचा मुलूख झाला. पु. ल. देशपांड्यांच्या या पुस्तकाची बरोबरी करील असे चाळीचे दुसरे चित्र नाही. गच्चीच्या किल्लीसाठी चाळकरी जो लढा उभारतात त्याला पु. लं. नी संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेचा सूर दिला, आणि आपण अजून हसतो. पण त्या हसण्यात एक सूक्ष्म गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. चाळकऱ्यांना गच्ची हवी आहे; घर कोणालाच नको आहे. म्हणजे स्वतःचे, मालकीचे घर ही कल्पनाच तिथे शिरलेली नाही. भाडे ठरलेले, मालक ठरलेला, भांडणेही ठरलेली. पुस्तकाच्या शेवटच्या चिंतनात हसू ओसरते आणि चाळीचे म्हातारपण समोर येते, तेव्हा लेखकाला कळलेले असते की हे जग संपत आले आहे. ते संपून माणसे कुठे गेली, हे सांगणे त्या पुस्तकाचे काम नव्हते. ते पुढच्यांचे काम होते.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. चाळीला अमर करणाऱ्या पु. लं. चे बालपण गेले ते जोगेश्वरीच्या सरस्वतीबागेत आणि पार्ल्यात, म्हणजे त्या काळच्या उपनगरांत. चाळ त्यांना इतकी स्वच्छ दिसली याचे एक कारण ते अंतर असावे, असे मला वाटते. पण मग उपनगर कोणाला दिसायचे?

भाऊ पाध्यांना ते दिसू लागले होते. साठच्या दशकातील त्यांची 'वैतागवाडी' ही मुंबईत जागा शोधणाऱ्या माणसाच्या वणवणीची कादंबरी. तिच्यात जागा ही पार्श्वभूमी नाही, तोच विषय आहे. माणसाचा स्वाभिमान, त्याचा संसार, त्याची झोप, सारे चार भिंतींपाशी येऊन अडते, हे भाऊंनी कसलाही गळा न काढता लिहिले. पण गंमत पाहा. 'वासूनाका'वर वाद झाला, म्हणून ती सर्वांना ठाऊक. 'वैतागवाडी'वर वाद झाला नाही, म्हणून ती मागे पडली. वाचकाला त्यात आपले घर दिसले असते. पण आम्हा समीक्षा करणाऱ्यांना जागेचा प्रश्न हा नगरपालिकेचा वाटतो, वाङ्मयाचा नव्हे.

मग १९७० साली राजा ठाकुरांचा 'मुंबईचा जावई' आला. नवे लग्न झालेले जोडपे, एक खोली, भोवती माणसेच माणसे, आणि दोघांना एक शब्द बोलायला आडोसा नाही. हसता हसता जीव गलबलतो. याच कथेवरून बासू चटर्जींनी १९७२ साली हिंदीत 'पिया का घर' काढला. माहेरचा माणूस मुलीला परत न्यायला येतो. त्या वेळी तिच्यासाठी जागा मोकळी करून द्यायला घरातली माणसेच बाहेर पडायला निघालेली दिसतात आणि ती जायचे नाकारते. प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतात. मीही पुसले. पण शाळामास्तराला एक वाईट खोड असते; गोष्ट संपल्यावर तो 'पुढे काय झाले?' असे विचारतो. त्या खोलीत पुढे मूल झाले असेल. धाकट्या दिराचे लग्न ठरले असेल. तेव्हा कोण बाहेर झोपले? गोष्ट प्रेमाने जिंकली. खोलीची लांबीरुंदी मात्र तेवढीच राहिली. चित्रपटातील सून थांबली. प्रत्यक्षातल्या हजारो सुना थांबल्या नाहीत, आणि त्यांनी घरे सोडली ती प्रेम नव्हते म्हणून नव्हे.

इथे आपल्या चाळ-वाङ्मयाचा एक गुन्हा सांगितला पाहिजे. गुन्हा हा शब्द दिवाळीत जड वाटेल, दोष म्हणू. चाळीच्या आठवणी बहुतेक करून गॅलरीत बसणाऱ्यांनी लिहिल्या. गॅलरीत कोण बसे? संध्याकाळी बनियन घालून कठड्याला टेकलेले पुरुष आणि खेळणारी मुले. मोरीपाशी, नळापाशी आणि सामायिक संडासाच्या रांगेत जी उभी असे, तिने आठवणी लिहिल्या नाहीत. माझ्या एका विद्यार्थ्याची आई परळ सोडून विरारला गेली. ती दाखला न्यायला आली तेव्हा मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "चाळीची आठवण येईल तुम्हांला." त्या म्हणाल्या, "माणसांची येईल, मास्तर. संडासाची नाही येणार." चाळीवरच्या शेकडो पानांतून हे एक वाक्य निसटले आहे. पोटात कळ आली तरी पहाटेचा अंधार होईतो थांबणे, वयात आलेल्या मुलीने मोरीला चादर बांधून आंघोळ करणे, बाळंतिणीने पंधरा माणसांच्या देखत कूस बदलणे, हे सारे 'एकोप्याच्या' नावाखाली झाकले गेले. दारामागे कडी असलेले न्हाणीघर ही चैन नव्हे. एखाद्या बाईच्या आयुष्यात ती स्वातंत्र्याची तारीख असते.

याचा अर्थ ब्लॉक म्हणजे स्वर्ग असा मी म्हणत नाही. ते जाहिरातवाल्यांनी म्हणावे. ज्या बाईला न्हाणीघर मिळाले तिचाच पहाटेचा पाऊण तास गाडीने घेतला. विरार चर्चगेटपासून साठ किलोमीटर आहे. महिलांच्या डब्यात भाजी निवडणाऱ्या बायका हे आपल्या वर्तमानपत्रांचे आवडते छायाचित्र आहे. त्या भाजी का निवडतात, तर घरी पोहोचल्यावर निवडायला वेळ नसतो म्हणून, हे छायाचित्राखाली लिहीत नाहीत. चाळीत शेजारीण मूल सांभाळी, तेही फुकट आणि वर खाऊ देऊन. ब्लॉकमध्ये पाळणाघराचे पैसे मोजावे लागतात. म्हणजे काहीतरी मिळाले आणि काहीतरी गेले. दोन्हींचा हिशेब मांडता येण्याजोगा आहे. आपले साहित्य मात्र फक्त गेल्याचा हिशेब मांडते आणि जाहिरात फक्त मिळाल्याचा. खऱ्या लेखकाने दोन्ही रकाने भरायचे असतात.

घर विकत घेणे ही नैतिक परीक्षा असते, हे ओळखले एका हिंदी चित्रपटाने. भीमसेन यांचा 'घरौंदा' १९७७ सालचा. एका कचेरीतली दोन तरुण माणसे, लग्न करायचे पण जागा नाही. पै-पै जमवून घरासाठी भरतात आणि बांधणारा पैसे घेऊन पसार होतो. मग तो तरुण जे सुचवतो ते ऐकून अंगावर काटा येतो: तिने श्रीमंत, हृदयविकारी मालकाशी लग्न करावे. अमोल पालेकर आणि श्रीराम लागू हे दोघे आपलेच. माणूस मुळात वाईट नाही. जागेच्या अडचणीने त्याच्या मनाचा एक कोपरा सडला, एवढेच. कर्ज, फसवणूक आणि प्रेम यांचे असे त्रांगडे मराठी कादंबरीने मध्यभागी आणून उभे केले असते तर ते मराठी मध्यमवर्गाचे खरे महाभारत झाले असते.

त्यानंतर गिरणगावाचा मोठा फटका आला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. भोंगे थांबले ते थांबलेच. या उद्ध्वस्ततेचा मोठा लेखक जयंत पवार. त्यांचे १९९७ चे 'अधांतर' पाहिलेला माणूस त्या खोलीतून सहजासहजी बाहेर येत नाही. एक आई, तिची हातातून निसटत चाललेली मुले आणि बाहेर बंद पडलेली गिरणी. 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या त्यांच्या कथासंग्रहाला २०१२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नावातच लोअर परळचा इतिहास आहे. फिनिक्स गिरणीच्या जागी आज झगमगते दुकानांचे नगर उभे आहे. पवारांनी जे अडकून पडले त्यांची गोष्ट सांगितली, आणि ती अशी सांगितली की तिला तोड नाही. पण जे निघून गेले? ज्यांनी खोली विकली, घरमालकाचा वाटा त्याला दिला, उरलेल्याचे भावाभावांत तुकडे केले आणि आपापला तुकडा घेऊन एक वसईला, एक बदलापूरला गेला? त्या वाटणीच्या रात्री आईला कोणी विचारले? 'वाडा चिरेबंदी'मध्ये महेश एलकुंचवारांनी १९८५ साली विदर्भातल्या एका वाड्याच्या पडझडीतून सबंध कुटुंबाचे वाभाडे काढले. दहा बाय बाराच्या खोलीची वाटणी त्याहून लहान दुःख नसते. तुकडे लहान असल्याने ती अधिकच बोचते.

उपनगर नावाने तरी आले ते २००५ साली, निशिकांत कामतांच्या 'डोंबिवली फास्ट'मध्ये. त्यातला माधव आपटे रोजच्या गाडीने, रोजच्या लाचलुचपतीने पिचून शेवटी पेटून उठतो. चित्रपट जोरदार आहे. पण तो सुरू होतो तेव्हा घर घेऊन झालेले असते. हा माणूस डोंबिवलीत कसा आला, हप्ता किती, अजून किती वर्षे, यातले काही आपल्याला दिसत नाही. त्याच्या रागाची एक मुळी तिथेही असेल. २०११ सालच्या 'वन रूम किचन'ने निदान नावात स्वयंपाकघर आणले, एवढे त्याचे ऋण मानू.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. कोणी म्हणेल, "मास्तर, हप्ते, व्याज, चौरस फूट यांचे का साहित्य होते? तो वाण्याच्या वहीचा विषय." या आक्षेपाला उत्तर द्यायला मला परदेशी नाव घ्यायची गरज नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. आपण सारे ती वाचून रडलो. कशासाठी रडलो? आईच्या मायेसाठी, हे खरे. पण ती माया कसाला लागते कुठे? कर्जात. सावकाराचा तगादा, घरावर आलेली जप्ती, गावात वाजलेली दवंडी, त्या दवंडीने आईच्या काळजाचे झालेले पाणी. मराठी माणसाचे सर्वांत लाडके पुस्तक हे घर आणि कर्ज यांचे पुस्तक आहे. हिशेब साहित्यात आला की ते कोरडे होते, हे खोटे. हिशेब कोणाच्या छातीवर बसला आहे हे दाखवले की तो वाङ्मय होतो.

आता शाळामास्तर फळ्यापाशी गेलाच आहे, तर एक गणित मांडून दाखवतो. समजा, एका कुटुंबाने दूरच्या उपनगरात घर घेण्यासाठी ३० लाख रुपये कर्ज काढले. मुदत २० वर्षे, व्याज साडेआठ टक्के. महिन्याचा हप्ता येतो सुमारे २६,०३५ रुपये. पहिल्या हप्त्यातील २१,२५० रुपये नुसत्या व्याजात जातात. घराचे म्हणून फिटतात ते अवघे ४,७८५. वीस वर्षांनी हिशेब केला तर ३० लाखांच्या कर्जापोटी साडेबासष्ट लाखांच्या आसपास भरलेले असतात. हे आकडे वाचताना कंटाळा येत असेल, तर शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे किंवा बायकोकडे एकदा पाहा. त्या वीस वर्षांत नोकरी सोडता येत नाही, साहेबाला उलट बोलता येत नाही, आजारी पडणे परवडत नाही, मुलाला चित्रकार व्हायचे असले तर घरात गप्प बसून राहतात. हप्ता हा त्या घरातील न दिसणारा कर्ता पुरुष असतो. सगळे त्याला विचारून ठरते. अशा पात्राला आजवर एकाही कादंबरीकाराने मुख्य भूमिका दिली नाही, याचे मला नवल वाटते.

भाषेच्या अंगानेही हा विषय श्रीमंत आहे. चाळीने आपल्याला पागडी, भाडेपावती, पोटभाडेकरू, गाळा, माळा असे शब्द दिले. विकतच्या घराने बयाणा, ताबा, मुद्रांक, कार्पेट, बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप हे दिले. शेवटचा शब्द तर विनोदी लेखकाने सोन्याच्या ताटात घ्यावा असा आहे: जिन्याचा आणि लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेचाही तुकडा आपल्या घरात मोजायचा आणि त्याचे पैसे द्यायचे! महाराष्ट्रात मालकीच्या सदनिकांचा कायदा १९६३ साली झाला, आणि २०१७ पासून महारेरा आले. आता बांधणाऱ्याला भिंतींच्या आतले क्षेत्र सांगावे लागते. या दोन तारखांच्या मध्ये चोपन्न वर्षे आहेत. तेवढ्या काळात किती कुटुंबांनी जिन्यावर पैसे घातले असतील! गच्चीसाठी लढणाऱ्या चाळकऱ्यांवर आपण हसलो. नकाशात असलेली गच्ची प्रत्यक्षात दुसऱ्याला विकली गेलेली पाहणारा ब्लॉकवाला आपल्या विनोदी वाङ्मयात अजून यायचा आहे.

आणि हा विषय काही केवळ सुखवस्तूंचा नाही, हे लोअर परळइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? गिरण्यांच्या जमिनीतून कामगारांना घरे द्यायचे ठरले. २०१२ साली म्हाडाने ६,९२५ घरांची सोडत काढली; घर २२५ चौरस फुटांचे, किंमत साडेसात लाख. २०१६ साली पनवेलजवळच्या कोन येथील सुमारे २,४०० घरांची निघाली. २०२० साली बॉम्बे डाइंग आणि लोअर परळच्या श्रीनिवास मिलच्या जागेवरील ३,८९४ घरांची निघाली. किंमत साडेनऊ लाख. अर्ज होते दीड लाखाहून अधिक. अर्ज भरणारा कामगार सोडतीपर्यंत जिवंत असेलच असे नाही. पुष्कळदा चिठ्ठी निघते ती वारसाच्या नावाने. उरलेल्यांसाठी शेलू आणि वांगणी ही नावे पुढे आली, म्हणजे बदलापूरच्या पलीकडे, नेरळच्या अलीकडे. ज्यांनी मुंबईच्या मध्यभागी कापड विणले त्यांच्यातील पुष्कळांनी मुंबईतच घर मिळावे अशी मागणी धरली आणि जुलै २०२५ मध्ये ते आझाद मैदानात जमले. दुसरीकडे वरळीच्या बीडीडी चाळींतील काही रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांच्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. एकाच पिढीतल्या, एकाच रस्त्यावर वाढलेल्या दोघांपैकी एक तिथेच तेविसाव्या मजल्यावर गेला आणि दुसऱ्यापुढे शेलूची वाट राहिली, असे होऊ शकते. दोघे एकाच भजनी मंडळात असले तर? यापेक्षा अधिक नाट्य कादंबरीकाराला काय हवे?

लांबच्या जागेची हेटाळणी करणाऱ्यांना इतिहासाची एक आठवण द्यावीशी वाटते. हे परळही एके काळी शहराबाहेरचे होते. मुंबईचे इंग्रज गव्हर्नर हवापालटाला यावे तसे इथे येऊन राहात. ज्या इमारतीत आज हाफकिन संस्था आहे ते त्यांचे निवासस्थान. मग गिरण्या आल्या, आणि लांबचे जवळ झाले. १९१५ साली गावदेवीला सारस्वतांनी सहकारी गृहसंस्था काढली तेव्हा 'मालकीच्या मजल्यावर राहणे' हेच लोकांना चमत्कारिक वाटले असेल. साठच्या दशकात आपल्या साहित्यिकांनीही वांद्रे पूर्वेला 'साहित्य सहवास' उभा केला. लेखक, कवी, प्राध्यापक यांनी एकत्र येऊन घरे केली. कवी रमेश तेंडुलकर तिथलेच, आणि त्यांच्या धाकट्या मुलाने त्या आवारात बॅट हाती घेतली तेव्हा पुढे काय होणार हे शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे डोंबिवलीत राहिले. म्हणजे लेखक स्वतः या वाटेने गेले आहेत. त्यांनीही अर्ज लिहिले असतील, पैशांची जुळवाजुळव केली असेल. पण लिहायला बसल्यावर लेखणी पुन्हा चाळीकडे वळली. तिथे आठवण होती. इथे नुसते जगणे होते.

याच संदर्भात नारायण सुर्वे आठवतात. गिरणगावाने वाढवलेला, गिरणगावाचाच कवी. पण उतारवयात त्यांचे घर होते नेरळला. २०१० साली ते गेले. जुलै २०२४ मध्ये त्या बंद घरात चोरी झाली. घरातले फोटो पाहून चोराच्या ध्यानात आले की हे घर सुर्व्यांचे. तेव्हा त्याने नेलेल्या वस्तू परत आणून ठेवल्या आणि क्षमा मागणारी चिठ्ठी लिहिली. ही बातमी आपण सर्वांनी कौतुकाने वाचली. कौतुक चोराचे झाले, कवीचे झाले. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसली. गिरणगावाचा कवी नेरळला राहतो, हे कोणाला विशेष वाटले नाही. इतके ते साधे झाले आहे.

जे साधे झाले आहे तेच कादंबरीने उचलायचे असते. अशी कादंबरी लिहिणाऱ्याकडून माझ्या तीन मागण्या आहेत. एक, त्याने घराची किंमत सांगावी, लाजू नये. कारण पात्रांना ती झोपेतही आठवते. दोन, त्याने चाळीला देवी करू नये आणि ब्लॉकला कोठडी करू नये. तिथल्या बाईला आधी विचारावे. तीन, त्याने मागे राहिलेल्यांना विसरू नये, कारण एकाने घेतलेल्या घरात दुसऱ्याने सोडलेला हक्क भिंतीसारखा उभा असतो. एवढे साधले तर भाषा कशीही असो. थोडी ओबडधोबड चालेल.

असा लेखक कुठून येईल, याविषयी मला फारशी शंका नाही. तो विद्यापीठातून येईल किंवा न येईल. पण तो सात बावीसच्या गाडीतून नक्की येईल. माझ्या शाळेतून दाखला घेऊन गेलेली मुले आता तिशीची झाली आहेत. त्यांतल्या कोणाच्या तरी कपाटात बँकेच्या हप्त्यांची फाइल असेल आणि तिच्या पाठकोऱ्या कागदांवर काहीतरी लिहायला सुरुवात झाली असेल. त्याने ते पुरे करावे. छापणारे संपादक मिळतील, आणि वाचणारे तर आहेतच. विरारच्या शेवटच्या गाडीत उभे राहून वाचतील. तोवर ज्यांनी या दिवाळीत नव्या दारावर पहिले तोरण बांधले, त्यांना आणि ज्यांनी जुन्या खोलीत दिवा लावला, त्यांनाही मनापासून शुभेच्छा.